चांगल्या गाडीला धक्का

उभेवाडीत चारचाकी बंद पडणे हा अपघात मानला जात नाही. तो सार्वजनिक कार्यक्रम मानला जातो. भोरहून वेल्ह्याकडे जाताना एक मोठा चढ लागतो, त्याच्या बरोबर मध्यावर आमची वाडी आहे. वाडी आधी वसली की रस्ता आधी झाला याबद्दल मतभेद आहेत. गाड्या इथेच बंद पडतात याबद्दल नाहीत. त्यामुळे इतर गावांत जशी भजनी मंडळं असतात, तसं आमच्याकडे धक्का मंडळ आहे. त्याला अध्यक्ष आहेत, विरोधी गट आहे, महिला विभाग आहे आणि सभेत होणारी भांडणंही आहेत. म्हणजे सगळं रीतसर आहे.

हे मंडळ उभं राहिलं आमच्या घरामुळे. मी हे अभिमानाने नाही, केवळ इतिहास म्हणून सांगतो.

आमची पहिली गाडी जीप. माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ती एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली. खातं कोणतं ते मी सांगणार नाही. जीपच्या वागण्यावरून ज्याला त्याला आपापलं खातं आठवत असे. ती सकाळी अकराच्या आधी सुरू होत नसे. दुपारी जेवणाची सुट्टी झाल्यासारखी रस्त्यात थांबे. सणावाराला तिला हात लावायची सोय नव्हती. आणि काम पुढे सरकवायचं तर मागून कुणीतरी जोर लावावा लागे. आईने एकदा ती विकायचा विषय काढला, तेव्हा आबा दुखावले. "गाडी खराब न्हाई गं," ते म्हणाले, "निस्ती नोकरीची सवय ऱ्हायलीया तिला."

जीप ढकलायला रोज सकाळी शेजारचे चौघे येत. रोज तेच चौघे म्हटल्यावर पाचव्याला राग आला. त्याला घेतलं तर सहावा रुसला. जीपची मागची रुंदी वाढवता येत नसल्याने नियम करावे लागले. वयाने मोठा असेल तो मध्ये. ज्याच्या घरी कार्य असेल तो डाव्या दिव्यापाशी. उजव्या दिव्यापाशी ग्रामपंचायतीचे सदस्य. त्यांनी जोर लावावा अशी अपेक्षा नाही, हात लावलेला दिसला की पुरे. बनाबाईंनी बायकांनाही जागा हवी म्हणून आवाज उठवला, तेव्हा पुरुषांनी बराच विचार करून त्यांना दगड विभाग दिला. चढावर गाडी थांबली की चाकामागे दगड लावायचा, एवढंच काम. सगळं मंडळ त्या एका दगडावर टेकलेलं आहे हे पुरुषांच्या लक्षात आलं नाही, आणि बनाबाईंनीही ते लक्षात आणून दिलं नाही.

अध्यक्ष सोनबाअण्णा स्वतः ढकलत नाहीत. ते ड्रायव्हरच्या खिडकीबरोबर चालतात आणि योग्य क्षणी "सोड!" म्हणतात. क्लच सोडायचा तो क्षण फक्त त्यांना कळतो असं ते सांगतात, आणि तेच अध्यक्ष असल्यामुळे ते खरं आहे.

पुढे गोरखतात्या ग्रामपंचायतीला पडले आणि त्यांनी वेगळा गट केला. आपल्या गटालाही जीप ढकलण्याचा समान हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. सभा झाली. गाडीला दोन टोकं असतात, ही गोष्ट प्रथमच सर्वांच्या विचारात आली. मागची बाजू सत्ताधाऱ्यांना आणि पुढची विरोधकांना, असा तोडगा एकमताने निघाला. पुढचा सबंध श्रावण जीप जागची हलली नाही. दोन्ही गटांनी मात्र काम शांततेत पार पडल्याबद्दल एकमेकांचे आभार मानले. नंतर पुढची-मागची ऐवजी डावी-उजवी अशी वाटणी झाली. त्या दिवशी ज्या गटाची माणसं जास्त, त्याच्या समोरच्या बाजूच्या शेतात जीप जाई. गावात वारं कुणाचं आहे, हे लोक जीप कुणाच्या नाचणीत शिरली यावरून ओळखू लागले.

जीपनंतर लाल गाडी आली. ती पुण्यातल्या एका प्राध्यापकांनी "अत्यंत जपून वापरलेली" होती. त्यांनी ती इतकी जपली होती, की तिला चढ ही कल्पनाच मान्य नव्हती. प्रत्येक ओढ्यापाशी ती तापून उभी राही आणि पाणी प्यायल्याशिवाय हलत नसे. आम्ही लग्नाला निघालो की घरातल्या प्रत्येकाच्या मांडीवर एक कळशी असे. लोकांना वाटे, रुखवत घेऊन निघालेत.

तिसरी डिझेलची मोठी गाडी. तिच्यात एक पिवळा दिवा कायम लागलेला असे. तो कशाचा हे विचारायला मी ती सारोळ्याच्या एका मिस्त्रीकडे नेली. त्याने दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली.

"आता दिसतुया का?"

"नाही."

"मंग झालं की काम."

ही दुरुस्तीची पद्धत नंतर मी बऱ्याच मोठ्या पातळीवर वापरलेली पाहिली, त्यामुळे मिस्त्रीला दोष देत नाही.

याच तिसऱ्या गाडीने मला नूतन दाखवली. वाडीच्या अलीकडच्या वळणावर गाडी आडवी बंद पडली आणि मागे एसटी अडकली. एसटीतले लोक उतरले आणि आपापल्या परीने सरकारवर टीका करू लागले. एक मुलगी मात्र ओढणी कमरेला बांधून सरळ डाव्या दिव्यापाशी गेली. तिथे ज्याच्या घरी कार्य आहे त्यानेच उभं राहायचं असतं, हे तिला माहीत नव्हतं. तिने जोर लावला, गाडी हलली, मी आरशात बघत राहिलो.

"अवो, क्लच सोडा की!" ती ओरडली. "का फोटू काढून घ्यायचाय?"

मी क्लच सोडला. सोनबाअण्णांव्यतिरिक्त कुणाच्या सांगण्यावरून सोडलेला तो माझ्या आयुष्यातला पहिला क्लच. नूतन वेल्ह्याच्या पलीकडच्या वाडीतली होती आणि वेल्ह्याच्या बाजारात औषधांच्या दुकानात काम करत होती. मला त्यानंतर वर्षभर सारखी डोकेदुखी होती.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी चांगली गाडी घेतली.

मला शिवऱ्याजवळ हायवेला एका कारखान्यात नोकरी लागली होती आणि कारखान्यातले लोक म्हणाले, आता तरी धड गाडी घे. मी घेतली. बटण दाबलं की सुरू होणारी, स्वतःच गिअर बदलणारी. ती पहिल्या दिवशी सुरू झाली. दुसऱ्या दिवशीही झाली. आठवडा गेला, पावसाळा गेला, उन्हाळा गेला, ती रोज सुरू होत राहिली. सकाळी अंगणाबाहेर मंडळ जमे, गाडी आवाज न करता त्यांच्यासमोरून निघून जाई, आणि मंडळ हात खिशात घालून घरी जाई. हळूहळू ते जमेनासं झालं. आबांना लोक पूर्वी नाव घेऊन हाक मारत, आता "अवो गाडीवाले" म्हणू लागले. आमच्याकडे हळदीकुंकवाला आई धरून तीन बायका आल्या.

अशा वेळी नूतनचा फोन आला.

"बाबांना सांगितलं मी आपलं."

"मग? काय म्हणाले?"

"म्हनले, गाडी कसली हाय ते नगं सांगू. बंद पडल्यावर किती माणसं येत्यात ते सांग."

नूतनचे वडील हरिबा यांची स्थळ पाहण्याची पद्धत वेल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. ते घर बघत नाहीत, पगार विचारत नाहीत, पत्रिका तर उघडतही नाहीत. ते मुलाच्या गाडीत बसतात आणि ती बंद पडायची वाट बघतात. सारोळ्याच्या एका मुलाची गाडी अशीच अडली होती. त्याच्या स्वतःच्या दारात अडली आणि तरीही कुणी आलं नाही. हरिबा तिथून पायी हमरस्त्यापर्यंत आले आणि एसटीने घरी गेले. त्या मुलाचं अजून जमलेलं नाही.

"येत्या आयतवारी येत्यात," नूतन म्हणाली. "तुमची गाडी बंद पडती न्हवं?"

"दोन वर्षांत एकदाही नाही."

ती म्हणाली, "सोमनाथ, कायतरी करा. न्हायतर बाबा ते दुसरं स्थळ बघत्यात, त्यांच्या ट्रॅक्टरला पंधरा जण लागत्यात."

मी गाडी घेऊन सारोळ्याच्या मिस्त्रीकडे गेलो आणि ती थोडी बिघडवून मागितली. त्याने झाकण उघडलं, आत पाहिलं, टोपी काढली. "ह्यात मोडायचं कुठनं, त्येच कळंना," तो म्हणाला. "समदं झाकून ठेवलंय." मग मी कंपनीच्या केंद्रात गेलो. तिथे टाय लावलेल्या एका तरुणाने मला पाणी दिलं आणि माझी अडचण शांतपणे ऐकून घेतली.

"सॉरी सर, गाडी वॉरंटीत आहे," तो म्हणाला. "वॉरंटी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी या. आपल्याला काहीच करावं लागणार नाही."

तेव्हा एकच मार्ग उरला. गाडी चांगलीच ठेवायची, फक्त चढावर मीच बटण दाबून ती बंद करायची, आणि माणसं जमवायची. मी शनिवारी मंडळापुढे गेलो. देवळासमोर सोनबाअण्णा, गोरखतात्या, बनाबाई आणि बरेचसे दुखावलेले लोक बसले होते.

"दोन वर्सं झाली, सोमनाथ," सोनबाअण्णा म्हणाले. "दोन वर्सं आमी वाट बघितली. एकदा तरी बंद पडंल. माणसानं किती वाट बघायची?"

"अण्णा, गाडीच चांगली निघाली."

"त्यात आमचा काय दोष?"

"आन् ह्या गाडीला म्हागं धरायला जागा तरी हाय का?" गोरखतात्या म्हणाले. "समदी गुळगुळीत. हात ठिवला तर घसरतोय. आमी काय तिला पावडर लावायला यायचं?"

"तात्या, फक्त उद्याच्या दिवस. नाहीतर माझं लग्न मोडतंय."

'लग्न' शब्दाने वातावरण बदललं. बनाबाई उठून उभ्या राहिल्या. "अरं, कुणाचं कार्य आडत असंल तर दगड आमचा कवाबी तयार हाय," त्या म्हणाल्या. "गडी लोकांचं काय ते गडी लोकांनी बघावं."

गडी लोकांनी बघायला घेतलं. न बिघडलेली गाडी ढकलणे हे मंडळाच्या उद्देशांत बसतं का, यावर चर्चा झाली. बसत नाही असं ठरलं. मग उद्देश बदलण्यात आले. मग डावी बाजू कुणाची यावरून जुनं भांडण निघालं, आणि डावी-उजवी कुणालाच नको, पूर्वीसारखी पुढची-मागचीच बरी, असा सलोखा झाला. मी त्याला विरोध करायला तोंड उघडलं होतं, पण इतक्या वर्षांनी दोन्ही गट एकमेकांना तंबाखू देत होते, म्हणून मिटलं.

रविवारी मी हरिबांना भोरच्या एसटी स्टँडवरून गाडीत घेतलं. त्यांनी दार लावलं, काठी दोन गुडघ्यांमध्ये उभी केली आणि विचारलं, "कवा पडती बंद?"

"कधीही पडू शकते, मामा," मी म्हणालो.

"बरं. मला घाई न्हाई."

वाडीच्या चढावर मी ठरल्या जागी थांबलो आणि बटण दाबलं. गाडी थांबायच्या आधीच मागच्या चाकामागे हातभरावर दगड ठेवलेला होता. बनाबाईंचा विभाग नेहमीच वेळेवर असतो. मग झाडाआडून, सहज जाता जाता आल्यासारखी, सगळी वाडी बाहेर आली. सहज आलेल्या पुरुषांनी फेटे बांधले होते. सहज आलेल्या बायकांच्या हातात आरतीचं ताट होतं. कुणाचा तरी पाहुणा ताशा घेऊन आला होता. तो सहज कसा आला हे विचारायची हरिबांनी तसदी घेतली नाही.

"काय झालं रं, सोमनाथ?" सोनबाअण्णांनी पाठ केल्यासारखं विचारलं.

"गाडी बंद पडली, अण्णा."

"आरारारा!" सगळी वाडी एका सुरात म्हणाली.

आणि धक्का सुरू झाला. मागून सोनबाअण्णांचा गट जोर लावू लागला, पुढून गोरखतात्यांचा. गाडी तसूभर हलली नाही. हलणारही नव्हती, ही गाडी बंद केली की स्वतःचं चाक स्वतःच जखडून घेते, हे मला माहीत होतं आणि भीतीमुळे आठवलं नव्हतं. लोकांना वाटलं, समोरचा गट भारी पडतोय. त्यांनी घरून आणखी माणसं बोलावली. समोरच्यांनीही बोलावली. गाडी जागच्या जागी थरथरू लागली. हरिबा काचेतून पुढच्या लाल चेहऱ्यांकडे बघत, मग वळून मागच्या लाल चेहऱ्यांकडे बघत.

तेवढ्यात गाडी बोलली.

"नमस्कार," छतातून एका बाईंचा आवाज आला. "आपल्या वाहनाला दोन्ही दिशांनी हादरे बसत असल्याचं आढळलं आहे. आपण सुरक्षित आहात का?"

हरिबांनी मागच्या सीटवर पाहिलं. "ह्या बाई कवा बसल्या?"

"त्या गाडीत नाहीत, मामा. कंपनीत असतात."

"वाहनाभोवती जमाव जमल्याचं दिसत आहे," बाई म्हणाल्या.

सोनबाअण्णांनी काचेला तोंड लावलं. "जमाव न्हाई, मंडळ हाय म्हणावं!"

"आपल्या वाहनात कोणताही बिघाड नाही," बाई पुढे म्हणाल्या. त्यांना थांबवायचं बटण मी शोधत होतो. सापडलं ते वायपरचं होतं. "इंजिन चालकाने स्वतः बंद केलं आहे. या स्थितीत वाहन ढकलता येत नाही. मदत पाठवू का?"

ताशा थांबला. वायपर तेवढे चालू होते. बाहेर कुणी कुणाकडे बघेना. एकटे गोरखतात्या पुढून ओरडले, "तरी म्या म्हणलं, म्हागच्यांच्यात येवढा दम कुठनं आला!"

हरिबांनी छताकडे पाहून हात जोडले. "नगा पाठवू, बाई. हितं उभं ऱ्हायला जागा न्हाई."

मग ते माझ्याकडे वळले. नूतन, डाव्या दिव्यापाशी कमरेला ओढणी बांधलेली, माझ्या डोळ्यांसमोरून पंधरा माणसांच्या ट्रॅक्टरमागे निघून गेली.

"म्हंजी गाडी चांगली हाय?" हरिबांनी विचारलं.

"हो."

"ह्या माणसांना ठावं हाय?"

"हो, मामा. सगळ्यांना."

"आन् तरी ढकलत्यात?"

"हो."

हरिबांनी पुन्हा एकदा पुढे आणि मागे पाहिलं. फेटे सुटले होते, घाम निथळत होता, आणि कुणीही गाडीवरचा हात काढला नव्हता, कारण समोरच्या गटाने काढला नव्हता.

"बंद पडलेली गाडी कुणीबी ढकलतं," ते म्हणाले. "पुढं रस्ता आडतुया म्हणून ढकलतं. पर धडधाकट गाडीला फुकट जोर लावणारं गाव म्या आज बघितलं. इतकी येडी माणसं पाठीशी असल्यावर पोरीला काळजी न्हाई. पोरगी दिली." त्यांनी जरा थांबून खालच्या आवाजात म्हटलं, "आता तेवढं त्यांना हलू द्या. लई येळ झाला."

मी बटण दाबून गाडी मोकळी केली. चढ असल्यामुळे गुरुत्वाकर्षण ताबडतोब गोरखतात्यांच्या गटात सामील झालं, सोनबाअण्णांचा गट दोन्ही बाजूंना उड्या मारून पांगला, आणि गाडी बनाबाईंच्या दगडावर येऊन थांबली. गोरखतात्यांनी तिथल्या तिथे विजय जाहीर केला. ताशा वाजला.

मार्गशीर्षात आमचं लग्न झालं. बिघाडाची अट निघाल्यामुळे मंडळाच्या कामाला आता मर्यादा राहिलेली नाही. नूतन दगड विभागात आहे आणि त्या विभागाची पुढची अध्यक्ष तीच होणार असं बनाबाई म्हणतात. आम्ही येणाऱ्याजाणाऱ्या कुठल्याही गाडीला, ती कशीही असो, आपुलकीने ढकलतो.

परवाच तोरण्याकडे निघालेली एक पांढरी, उंच, काळ्या काचांची गाडी आमच्या चढावर थांबली. आतल्या साहेबांना ती पुढे नेता येईना. एका क्षणात सगळी वाडी धावली. साहेबांनी काचा वर केल्या, दारं आतून लावली आणि मोबाईल काढला. सोनबाअण्णा काठीने काच वाजवून काहीतरी सांगत होते, बायका दगड घेऊन धावत होत्या, गोरखतात्या बॉनेटवर ओणवे झाले होते. शेवटी साहेबांना काय करायचं ते सुचलं आणि गाडी सुसाट निघून गेली.

त्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. मागे भीतीदायक संगीत लावलंय आणि वर लिहिलंय, "या भागात फिरायला जाताना सावधान, दगड घेऊन गाड्या अडवतात. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा." तुम्ही तो पोहोचवलात. आमच्याकडे तो तुमच्याच ग्रुपमधून आला. संगीतामुळे सोनबाअण्णांचा आवाज त्यात ऐकू येत नाही, म्हणून इथे सांगतो. ते म्हणत होते, "साहेब, हँडब्रेक काढा."